घरासकट कामावर: अमेरिकेतले आरव्हीवाले आणि गोदामांचा हंगाम

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाताळापर्यंत तिथल्या ऑनलाइन दुकानांचा धंदा शिगेला पोचतो. हा माल ज्या गोदामांतून निघतो तिथली लगबग मात्र ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू होते. आधी ट्रकच्या ट्रक आत रिकामे होतात, मग तोच माल एकेका खोक्यात बसून बाहेर पडतो. जानेवारीत जेवढ्या माणसांवर गोदाम आरामात चालतं, तेवढी माणसं डिसेंबरात कुठल्या कुठे अपुरी पडतात. आणि नाताळ आटोपला की ही जादा माणसं कोणालाच नको असतात.

मग तीन-चार महिन्यांपुरती माणसं आणायची कुठून? गोदाम मोठ्या शहराला लागून असेल तर हा प्रश्न फारसा छळत नाही. पण ॲमेझॉनची १९९९ साली उघडलेली तीन गोदामं आडगावांत होती: कॅन्सस राज्यातलं कॉफीव्हिल, केंटकीतलं कॅम्बल्सव्हिल आणि नेवाडाच्या वाळवंटातलं फर्नली. पहिली दोन गावं दहा हजारांच्या आसपास वस्तीची. कॅम्बल्सव्हिलमध्ये पूर्वी 'फ्रूट ऑफ द लूम' या अंतर्वस्त्रांच्या कंपनीचा मोठा कारखाना होता. १९९८ साली तो बंद पडला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी ॲमेझॉन त्या कंपनीच्या रिकाम्या इमारतीत आली. अशा गावांना वर्षभराची नोकरी हवीच होती, त्यामुळे कायमची माणसं मिळाली. हंगामापुरती आणखी शेकडो माणसं मिळणं ही वेगळी गोष्ट. लांबच्या गावांतून बसने माणसं आणून पाहिली, पण दहा तासांच्या शिफ्टच्या आधी आणि नंतर एवढा प्रवास किती दिवस कोण करणार? बाहेरून माणसं आणून ठेवावीत, तर गावात भाड्याच्या एवढ्या खोल्या नाहीत. कंपनीने त्या बांधायच्या, तर वर्षातले आठ महिने त्या रिकाम्या राहणार.

२००८ साली कॉफीव्हिलच्या गोदामाने एक प्रयोग केला. आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, बारा महिने राहणाऱ्या थोड्या लोकांना नाताळाच्या हंगामासाठी बोलावलं. तो जमला. मग फर्नली आणि कॅम्बल्सव्हिलही त्यात आले, योजनेला 'कॅम्परफोर्स' असं नाव मिळालं, तिचं बोधचिन्हही झालं, आणि पुढे टेक्सस, टेनेसीसारख्या राज्यांतली गोदामं तिला जोडली गेली. दरवर्षी उन्हाळा संपता संपता देशाच्या कानाकोपऱ्यातून मोटारहोम आणि ट्रेलर या गावांकडे निघायचे आणि नाताळाच्या दोन-तीन दिवस आधी पांगायचे.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हा सौदा फार सोयीचा होता. कामगार येताना स्वतःचं घर, पलंग, स्वयंपाकघर आणि संडास घेऊन येतो, आणि काम संपलं की सगळं घेऊन जातो. कामगाराच्या बाजूने पाहायचं तर आधी हे लोक कोण, ते पाहावं लागेल.

तरुण मुलं, जोडपी, लहान मुलांसह फिरणारी कुटुंबंही त्यांत असायची. पण साठी ओलांडलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी होती, आणि त्याची कारणं अमेरिकेच्या म्हातारपणाच्या व्यवस्थेत आहेत. आधीच्या पिढीतल्या पुष्कळ नोकरदारांना कंपनीकडून ठरावीक पेन्शन मिळायचं. १९७८ च्या कायद्यातून ४०१(के) नावाचं खातं निघालं. त्यात नोकरदाराने पगारातून पैसे टाकायचे, ते बहुतेक करून शेअर बाजाराशी बांधलेल्या फंडांत जायचे, आणि बाजार पडला तर नुकसान त्याचं. हळूहळू खाजगी कंपन्यांनी पेन्शन बंद करून हीच पद्धत स्वीकारली. मग २००८ ची मंदी आली. घरांच्या किमती कोसळल्या, बाजार कोसळला, आणि पन्नाशी-साठीतल्या ज्यांची नोकरी त्यात गेली त्यांना तशी नोकरी पुन्हा मिळाली नाही.

उरलं सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन. २०२४ च्या सुरुवातीला निवृत्तांना मिळणारी सरासरी रक्कम महिन्याला साधारण १,९०० डॉलर होती. ही सरासरी झाली. मुलांसाठी मध्ये नोकरी सोडलेल्या बायकांना, कमी पगारावर आयुष्य काढलेल्यांना याहून कमी. त्यात आणखी एक मेख आहे. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी मिळते. ती ६२ व्या वर्षापासूनही घेता येते, पण मग ३० टक्के कपात होते, आणि ती कायमची. ज्याच्या हातात पैसाच नाही तो थांबणार कसा?

अशा माणसाच्या महिन्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे घराचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता. तो एका फटक्यात काढून टाकण्याचा मार्ग म्हणजे आरव्ही. काही जण खरोखर हौसेने या आयुष्यात येतात: मुलं मोठी झाली, घर विकलं, देश पाहायचा आहे. काही जणांचं घर आधीच गेलेलं असतं. आणि मला वाटतं, बहुतेकांच्या बाबतीत हौस कुठे संपते आणि नाइलाज कुठे सुरू होतो हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. म्हणून त्यांच्याकडे 'बिचारे' म्हणून बघणं चूक आहे, आणि 'किती स्वच्छंद आयुष्य!' म्हणणंही तितकंच चूक.

आता हे चाकांवरचं घर चालतं कसं, ते थोडं नीट पाहू, कारण गोदामातल्या हंगामाचं निम्मं गणित त्यावर आहे. आरव्ही म्हणजे एकच गाडी नव्हे. बसच्या आकाराचं मोटारहोम असतं, व्हॅनच्या आत बसवलेलं घर असतं, मागे ओढायचा ट्रेलर असतो, आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात ज्याचा जोड बसतो तो 'फिफ्थ व्हील' नावाचा मोठा ट्रेलर असतो. आकार कुठलाही असो, पोटात साधारण तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. आरव्ही उभ्या करायच्या पार्कमध्ये जागा मिळाली की तिथल्या नळाला पाइप जोडायचा, गटाराच्या तोंडाला जाड नळी जोडायची आणि विजेच्या खांबाला वायर. या तिन्ही जोडण्या असलेली जागा म्हणजे 'फुल हुकअप'. कॅम्परफोर्सवाल्यांच्या जागेचे पैसे ॲमेझॉन द्यायची, ते अशा पार्कमधल्या जागेचे. काही वर्षं पार्कला थेट पैसे दिले जायचे, पुढे महिन्याला ५५० डॉलरचा भत्ताही देत.

उन्हाळ्यात हे सगळं सुखाचं असतं. पण हंगाम डिसेंबरात संपतो, आणि या तिन्ही गावांत तेव्हा रात्री पारा शून्याखाली जातो. आरव्हीच्या भिंती पातळ, जमिनीखालून वारा मोकळा. सगळ्यात आधी गोठतो तो नळापासून गाडीपर्यंतचा पाण्याचा पाइप. म्हणून त्याला विजेवर तापणारी पट्टी गुंडाळतात किंवा तसा तयार पाइपच विकत घेतात. गाडीच्या खालच्या बाजूने, चाकांभोवती, फोमच्या किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यांचं कुंपण करतात, म्हणजे पोटातल्या टाक्या गोठत नाहीत. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह एरवीही बंदच ठेवायचा असतो. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचून बसतो. टाकी बरीच भरली की एकदम सोडायची. थंडीत सांडपाण्याच्या टाकीलाही हाच नियम, नाहीतर बारीक धारेने जाणारं पाणी नळीतच गोठून तुंबतं.

आणि विजेचं गणित. पार्कमधली साधी जोडणी ३० अँपिअरची असते. अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणजे एका वेळी ३,६०० वॉट. एक लहान हीटर १,५०० वॉट खातो. दोन हीटर लावले की ३,००० झाले. त्यात कोणी मायक्रोवेव्ह चालू केला की खटका पडतो आणि अंधार. प्रोपेन गॅसची भट्टी असते, पण कडाक्याच्या थंडीत सिलिंडर भराभर संपतात. शिवाय बंद घरात माणसांच्या श्वासाने आणि स्वयंपाकाच्या वाफेने ओल धरते, खिडक्यांवरून पाणी ओघळतं, गादीच्या खालच्या बाजूला बुरशी येते. दहा तास उभं राहून आलेल्या माणसाला रात्री साडेतीनला उठून गोठलेला पाइप सोडवायचा असेल, तर त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होणारच. पगाराच्या पावतीवर या मेहनतीचा उल्लेख कुठेच नसतो.

आत गोदामात काय काम असायचं? ट्रकमधून आलेला माल उतरवून नोंदवणं, तो खणांत लावणं, ऑर्डर आली की खणांतून काढणं, खोक्यात भरणं, आणि साठ्याची मोजदाद करणं. हे लावणं-काढणं बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकतं. आपल्या दुकानात साबण साबणाजवळ आणि वह्या वह्यांजवळ. तिथे एकाच खणात एक पुस्तक, एक खेळणं, शांपूची बाटली आणि फोनची वायर असते. लावणारा जिथे जागा दिसेल तिथे वस्तू ठेवतो आणि हातातल्या स्कॅनरने वस्तूचा व खणाचा बारकोड वाचतो. कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त संगणकाला माहीत. दिसायला गोंधळ, पण त्यात हिशेब आहे. एकसारख्या वस्तू एकत्र ठेवल्या की काढणाऱ्याचा हात चुकतो, वेगवेगळ्या ठेवल्या की चुकत नाही. जागाही वाया जात नाही.

काढणाऱ्याच्या हातातला स्कॅनर त्याला पुढचा खण सांगतो. जुन्या पद्धतीच्या गोदामांत हा माणूस चालत जायचा आणि एका शिफ्टमध्ये पंधरा-वीस किलोमीटर चालणं नवलाचं नव्हतं, तेही सिमेंटच्या फरशीवर. २०१२ साली ॲमेझॉनने किव्हा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. तिचे बुटके नारिंगी यंत्रमानव कपाटंच उचलून माणसाजवळ आणतात. चालणं वाचलं. पण आता माणूस एकाच जागी उभा, आणि वाकणं, वर हात करणं, वळणं तेच ते, तासन्‌तास. पायांचं दुखणं खांद्यांत आणि मनगटांत गेलं.

शिफ्ट दहा तासांची, आठवड्याला चार. मध्ये अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, तिचा पगार नाही, आणि दोन छोट्या सुट्ट्या. हंगाम तापला की सक्तीचा ओव्हरटाइम लागतो, आणि मग आठवडा पन्नास-साठ तासांवर जातो. सुमारे २२ किलोपर्यंतचं ओझं उचलता आलं पाहिजे अशी अट. तासाला किती वस्तू हाताळल्या याचा आकडा स्कॅनर आपोआप मोजतो, म्हणून मुकादमाला पाठीमागे उभं राहावं लागत नाही. नव्या माणसाला सुरुवातीचे काही दिवस अर्धी शिफ्ट देत, शरीर रुळावं म्हणून. सत्तरीतल्या माणसाचं शरीर चार-पाच दिवसांत कितपत रुळेल, हा प्रश्न मला या सगळ्यात सगळ्यात जास्त टोचतो.

फर्नलीच्या गोदामातून एक खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. शिफ्ट संपली की कामगारांना चोरीच्या तपासणीसाठी रांगेत उभं राहावं लागे. नेवाडातल्या गोदामांमधल्या कंत्राटी कामगारांचं म्हणणं होतं की यात रोज पंचवीसेक मिनिटं जातात आणि त्यांचा पगार मिळाला पाहिजे. माणूस ती रांग टाळू शकत नाही, ती मालकासाठीच आहे, मग ते काम नाही तर काय? ९ डिसेंबर २०१४ ला न्यायालयाने एकमताने निकाल दिला: १९४७ च्या कायद्याप्रमाणे मुख्य कामाचा अविभाज्य भाग असेल त्याच वेळेचा पगार देणं बंधनकारक आहे, आणि तपासणी तसा भाग नाही. पुढे राज्यांच्या कायद्यांखाली ही लढाई पुन्हा झाली. २०१८ साली केंद्रीय अपील न्यायालयाने नेवाडाच्या कायद्याप्रमाणे हा वेळ पगाराचा ठरू शकतो असं म्हटलं, आणि २०२१ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यापुरता तसाच कौल दिला. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गोदामांतल्या दोन कामगारांनी तीच रांग लावली, तरी पैसे मिळणार की नाही हे राज्याच्या सीमेवर ठरतं. गावोगाव फिरणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

पैशांचा हिशेब एकदा मांडूनच पाहू. ॲमेझॉनने १ नोव्हेंबर २०१८ पासून अमेरिकेतलं आपलं किमान वेतन तासाला १५ डॉलर केलं. देशाचं किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलं आहे, त्या मानाने हे दुप्पट. समजा एकाने बारा आठवडे, दर आठवड्याला ५० तास काम केलं. पहिल्या ४० तासांचे ६०० डॉलर. त्यापुढच्या दहा तासांना दीडपट, म्हणजे २२५. आठवड्याला ८२५, बारा आठवड्यांचे ९,९००. यातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) यांचे ७.६५ टक्के, म्हणजे साधारण ७५७ डॉलर कापले जातात, आयकर वेगळा. हातात नऊ हजारांच्या आसपास. नवरा-बायको दोघं असतील तर अठरा, आणि जागेचं भाडं जवळजवळ सुटलेलं. महिन्याला १,९०० वर जगणाऱ्याला हे पैसे पुढच्या वर्षभरात टायर, इंजिन, दात आणि चष्मा यांसाठी पुरवायचे असतात. रक्कम लहान नाही. म्हणूनच लोक येत होते, आणि पुन्हा पुन्हा येत होते.

सोशल सिक्युरिटी लवकर सुरू केलेल्यांना मात्र एक पथ्य आहे. पूर्ण निवृत्तीचं वय होईपर्यंत वर्षाची कमाई ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर वरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर रोखला जातो. २०२४ साली ही मर्यादा २२,३२० डॉलर होती. नुसता गोदामाचा हंगाम केला तर माणूस मर्यादेत राहतो. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडवर, शरद ऋतूत दुसरीकडे आणि मग गोदामात, असं वर्षभर केलं तर आकडा पुढे सरकतो.

सुरुवातीच्या वर्षांत कॅम्परफोर्सचा पगार तासाला १५ डॉलरहून कमी होता, पण हंगाम पूर्ण केला तर काम केलेल्या प्रत्येक तासामागे एक डॉलर बोनस मिळायचा. मध्येच सोडलं तर तो गेला. हे वाचून मराठी माणसाला ऊसतोड आठवल्याशिवाय राहत नाही. बीडकडचं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं आणि ती फिटेपर्यंत कोयत्याला बांधलेलं राहतं. गोदामात पैसा शेवटी, ऊसतोडीत आधी, पण दोन्हीकडे माणूस मध्येच उठून जाऊ नये हीच सोय. फरकही मोठा आहे, तो विसरून चालणार नाही. आरव्हीवाल्याच्या डोक्यावर मुकादमाचं कर्ज नसतं. तो बोनसवर पाणी सोडून, गाडी चालू करून निघू शकतो. तासाचा दर ठरलेला, ओव्हरटाइम कायद्याने, काम करताना दुखापत झाली तर राज्याच्या कामगार-भरपाई विम्याखाली उपचार. ऊसतोड कामगाराला यातलं काय मिळतं ते आपल्याला माहीत आहे.

साखरेचा विषय निघालाच आहे, तर आरव्हीवाल्यांचा दुसरा एक हंगाम साखरेचाच आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर रेड रिव्हरच्या खोऱ्यात शुगर बीट पिकतं. १ ऑक्टोबरच्या सुमाराला मुख्य काढणी सुरू होते आणि दिवस-रात्र, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत ती आटपायची असते. शेतातून ट्रक येतात, एक भलं मोठं यंत्र कंद झटकून त्यांच्या उंच राशी रचतं, आणि आरव्हीवाले त्या यंत्रापाशी उभे असतात: ट्रकला वाट दाखवायची, नमुने काढायचे, चिखल उपसायचा. कंद उघड्यावरच हिवाळाभर गोठलेले राहतात आणि कारखाना ते हळूहळू गाळतो. म्हणूनच ऊन फार असलं तर काढणी थांबवतात, कारण ऊबदार कंद राशीत सडतात. पावसानेही थांबते. थांबलेल्या दिवशी काम नाही. मोसम दोन-तीन आठवड्यांचाच, पण तासही भरपूर, आणि नंतर गोदामाला जाणाऱ्यांना तो सोयीचा पडायचा. उन्हाळ्यातलं ठरलेलं काम म्हणजे जंगलखात्याच्या कॅम्पग्राउंडवर यजमानकी करणं, पैसे गोळा करणं आणि संडास धुणं. याशिवाय टेक्ससच्या तेलविहिरींच्या फाटकावर राखण, नाताळाच्या झाडांची विक्री, फटाक्यांचे स्टॉल. या सगळ्या प्रकाराला तिकडे 'वर्कँपिंग' म्हणतात.

कॅम्परफोर्सचं पुढे काय झालं? कॉफीव्हिलचं गोदाम २०१५ च्या सुरुवातीला बंद झालं. माल लवकर पोचवायचा तर गोदाम ग्राहकाच्या जवळ हवं, म्हणून कंपनी मोठ्या शहरांकडे सरकत होती, आणि शहराजवळ हंगामी माणसं आजूबाजूलाच मिळतात. घर घेऊन येणाऱ्या कामगाराची जी गरज आडगावांमुळे निर्माण झाली होती, ती कमी होत गेली. पुढे ही योजनाच बंद झाली. हंगामी भरती आजही होते, पण बहुतेक ठिकाणी जागेची सोय तुमची तुम्ही करायची. पार्कवाल्यांच्या अटीही असतात. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाही, असं म्हणणारे पार्क पुष्कळ आहेत, आणि ज्याला कामाची सगळ्यात जास्त गरज तोच बहुधा जुन्या गाडीत राहत असतो.

पत्त्याचा घोळ वेगळाच. लायसन्स, विमा, बँक, मतदान, सगळ्यांना कायमचा पत्ता लागतो. म्हणून बरेच आरव्हीवाले साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य आपलं म्हणून निवडतात, कारण तिथे राज्याचा आयकर नाही आणि टपाल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. पण याने दुसऱ्या राज्यात केलेल्या कामाचा कर सुटत नाही. केंटकी किंवा कॅन्ससमध्ये कमावलेल्या पगारावर त्या राज्याचा कर भरावाच लागतो. नेवाडा, टेक्सस आणि टेनेसीत पगारावर राज्याचा कर नाही. आरोग्याचंही तसंच. ६५ नंतर मेडिकेअर लागू होतं. त्यातलं मूळ सरकारी मेडिकेअर देशभर चालतं, पण खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या बऱ्याच योजना एका भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. स्वस्त म्हणून ती घेतली आणि हजार मैलांवर खांदा धरला, तर पंचाईत होते.

अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या मराठी आई-वडिलांमध्येही आता आरव्ही भाड्याने घेऊन फिरण्याची हौस दिसते. फिरा, जरूर फिरा. पण पर्यटक व्हिसावर असं कोणतंही काम घेता येत नाही. 'पगार नको, फुकट जागा द्या आणि आम्ही कॅम्पग्राउंड सांभाळतो' हेसुद्धा नाही. जागा हा मोबदलाच धरला जातो आणि पुढचा व्हिसा त्यात अडकू शकतो.

हंगाम संपल्यावर बरेच जण ऊब शोधत दक्षिणेला जातात. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत राहण्याचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळायचा. सात महिन्यांचे १८० डॉलर! वीज सौरपट्ट्यांची, पाणी भरून आणायचं. तिथेच मैत्र जुळतं, पुढच्या कामांच्या खबरा मिळतात, कोणाची गाडी बंद पडली तर चार जण पाने-पकडी घेऊन येतात. एकट्या राहणाऱ्या बायकांना या शेजाराचा मोठा आधार असतो, आणि या आयुष्यात लोक टिकतात ते पुष्कळसं या शेजारामुळे.

ज्या दिवशी गाडी चालवणं जमेनासं होतं त्या दिवसाचं मात्र बहुतेकांनी काही ठरवलेलं नसतं. घर विकून आरव्ही घेतलेल्याला परत घर घेणं अवघड, कारण घराची किंमत वाढत गेलेली असते आणि आरव्हीची दरवर्षी घटत गेलेली. मुलांकडे जागा असेलच असं नाही. वृद्धांसाठीच्या कमी भाड्याच्या सरकारी घरांना कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते. १९७८ साली स्थापन झालेल्या 'एस्केपीज' या आरव्हीवाल्यांच्या संघटनेने टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टनला यासाठी 'केअर' नावाचं केंद्र उभं केलं. तिथे माणूस स्वतःच्याच आरव्हीत राहतो. जेवण केंद्राचं, डॉक्टरकडे ने-आण केंद्राची, आजारपणात लक्ष ठेवायला माणसं. मला हे केंद्र या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते, आणि ती उभी केली आहे ती आरव्हीवाल्यांनी स्वतःच, वर्गण्या आणि देणग्या गोळा करून.